लाइट हिरवा, पण लाइन बंद: फायरवॉलवर राखीव इंटरनेट जोडणी बसवताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कार्यालयातील फायरवॉलच्या, म्हणजे आतले जाळे आणि इंटरनेट यांच्यामधल्या पहारेकरी उपकरणाच्या, पहिल्या पोर्टवर फायबरची लाइन आहे आणि दुसऱ्या पोर्टवर मोबाइल डेटाचा राउटर राखीव म्हणून जोडला आहे. बसवताना पहिली केबल उपटून पाहिली, तेव्हा इंटरनेट काही क्षणांत दुसऱ्या लाइनवर गेले. प्रत्यक्षात फायबर बंद पडली त्या दिवशी मात्र काहीच हलले नाही. लाइन हाताने बदलल्यावर मोजक्याच साइट उघडल्या आणि टेबलावरचे फोन तर फायरवॉल रीस्टार्ट करेपर्यंत मुके राहिले. ही तीन लक्षणे तीन वेगवेगळ्या उणिवांची आहेत, म्हणून त्याच क्रमाने उत्तर देतो. उपकरण कोणत्या कंपनीचे आहे ते आपण लिहिलेले नाही, त्यामुळे मुख्यतः तत्त्व सांगतो आणि एखाद्या उपकरणाची खोड ठाऊक असेल तिथे त्याचे नाव घेतो.

केबल उपटली की पोर्टवरचा संकेत गेल्याचे फायरवॉलला तत्काळ कळते, त्या पोर्टवरचा रूट, म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग, राउटिंग टेबलमधून, म्हणजे मार्गांच्या यादीतून, गळतो आणि राखीव रूट वर येतो. एवढे काम कोणतीही फायरवॉल न शिकवता करते. परंतु फायरवॉल आणि ओएनटी, म्हणजे फायबरचा प्रकाशसंकेत इथरनेटमध्ये बदलणारा तो छोटा डबा, यांच्यातली हातभर केबल हा संपूर्ण मार्गातला सर्वांत भरवशाचा भाग असतो. लाइन जाते ती बहुधा रस्त्याच्या खोदकामात, सेवापुरवठादाराच्या स्विचमध्ये किंवा त्याच्याही पुढच्या दुव्यावर. तेव्हा ओएनटीला वीज मिळत असते, पोर्टवरचा हिरवा दिवा लागलेला असतो, आणि फायरवॉलने लाइन बदलावी असे कोणतेही कारण तिच्यासमोर आलेले नसते. आपली चाचणी यशस्वी झाली, कारण जो भाग कधी बिघडत नाही त्याचीच ती चाचणी होती.

तेव्हा पहिले काम हे, की ‘लाइन चालू आहे’ याचा अर्थ फायरवॉलला ठरवून द्यावा. यासाठी प्रत्येक उपकरणात काही ना काही सोय असते: सिस्को एएसएवर एसएलए मॉनिटर आणि त्याला बांधलेला ट्रॅक, फोर्टिगेटवर एसडी-वॅनमधील परफॉर्मन्स एसएलए, पीएफसेन्सवर गेटवे मॉनिटरिंग. नावे निराळी असली तरी काम एकच आहे. ठरावीक अंतराने त्या लाइनमधून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करायचे, म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवायचा, सलग काही उत्तरे आली नाहीत तर लाइन मृत समजायची आणि तिचा रूट काढून घ्यायचा. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे सेवापुरवठादाराचा गेटवेच, म्हणजे त्याच्या जाळ्याच्या दारावरचे उपकरणच, लक्ष्य म्हणून देणे. तो गेटवे बहुधा आपल्यापासून एका टप्प्यावर असतो आणि त्याच्या पुढचे जग तुटले तरी तो इमाने इतबारे उत्तर देत राहतो. लक्ष्य त्याच्या पलीकडचे हवे आणि ते एकाहून अधिक असावे, कारण एका लक्ष्याने काही कारणाने उत्तर देणे थांबवले तर धडधाकट लाइन मृत ठरेल. गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आणि क्वाड९चा ९.९.९.९ हे तीन निरनिराळ्या संस्था चालवत असलेले पत्ते यासाठी सोयीचे आहेत. ‘यांपैकी सर्व गप्प झाले तरच लाइन गेली’ असा नियम लावता येत असेल तर तोच लावावा.

आता एक बारकावा, ज्याने मला एकदा अर्धी रात्र जागवले. एका ठिकाणी फायबर गेल्यावर फायरवॉल राखीव लाइनवर जात होती, पंधरा-वीस सेकंदांनी परत फायबरवर येत होती, पुन्हा पंधरा-वीस सेकंदांनी राखीव लाइनवर. लॉग पाहिला तर ‘डाउन, अप, डाउन, अप’ अशी घड्याळाच्या लंबकासारखी रांग लागलेली. कारण शोधले तेव्हा कळले, की तपासणीचे पिंग विशिष्ट पोर्टला बांधलेलेच नव्हते. फायबरचा रूट निघाला, की फायबर तपासण्यासाठी पाठवलेले पिंगही राखीव लाइनने बाहेर पडत, अर्थातच त्यांना उत्तर मिळे, फायरवॉल समजे की फायबर सुधारली आणि रूट परत बसवी. म्हणून तपासणीचे पॅकेट, मुख्य रूट असो वा नसो, त्याच पोर्टमधून बाहेर पडले पाहिजे. काही उपकरणे हे स्वतः करतात, काहींवर त्या लक्ष्याच्या पत्त्यापुरता स्वतंत्र स्थिर रूट लिहावा लागतो. पीएफसेन्स असा रूट स्वतःच बनवते. त्यामुळेच तिथे दोन गेटवेंना एकच लक्ष्य देता येत नाही. शिवाय ८.८.८.८ हा पत्ता फायबरच्या तपासणीला दिला असेल, तर फायबर गेल्यावर त्या पत्त्याकडे जाणारी सगळीच वाहतूक अडते, हे ध्यानात ठेवावे. डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, संदर्भात हा मुद्दा पुन्हा येईल.

किती वेळात लाइन बदलावी हा निर्णय आपल्या कामावर सोपवतो, पण आकडे कसे वाचायचे ते सांगतो. दर अर्ध्या सेकंदाला पिंग आणि सलग ५ चुकल्यास मृत, असे ठेवले तर साधारण अडीच सेकंदांत निर्णय होतो. दर ५ सेकंदांना पिंग आणि ३ चुकल्यास मृत, असे ठेवले तर सुमारे १५ सेकंद लागतात. एएसएवर वारंवारता लिहिली नाही तर ती ६० सेकंद धरली जाते, म्हणजे लाइन गेल्यावर फायरवॉलला कळायलाच मिनिटभर लागू शकते. पीएफसेन्स सलग चुकलेली पिंग मोजत नाही. ती गेल्या ६० सेकंदांतली गळती टक्केवारीत पाहते आणि मूळ मर्यादा २० टक्के आहे, त्यामुळे लाइन पूर्ण तुटली तर साधारण १२ ते १५ सेकंदांत ती ओलांडली जाते. माझा कल कार्यालयांसाठी १० ते १५ सेकंदांकडे आहे. दोन-तीन सेकंदांची घाई केली, की कोणी मोठी फाइल पाठवून लाइन तुडुंब भरली तरी काही पिंग गळतात आणि फायरवॉल विनाकारण उड्या मारू लागते. परत येताना तर याहून सावकाशी हवी. फायबर सुधारल्यावर लगेच तिच्यावर उडी न मारता ती सलग काही मिनिटे ठीक चालली तरच परतावे. दुरुस्ती चालू असताना लाइन चार वेळा येते-जाते आणि दर वेळी सगळ्यांचे चालू काम तुटते.

रूटच्या प्राधान्याबद्दल थोडेसे. दोन्ही पोर्टवर एकेक डीफॉल्ट रूट असतो आणि ज्याचा आकडा लहान तो वापरात येतो. एएसएवर मुख्य रूटला १ आणि राखीव रूटला २५४ देण्याची पद्धत आहे. मात्र आपला मोबाइल राउटर दुसऱ्या पोर्टला डीएचसीपीने, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीने, पत्ता देत असेल, तर त्या पोर्टवरचा रूटही डीएचसीपीच बसवते, आणि त्याचा आकडा आपण लिहिलेला नसतो. फोर्टिगेटवर हाताने लिहिलेल्या स्थिर रूटचे अंतर, म्हणजे हाच आकडा, मुळात १० असते आणि डीएचसीपीने आलेल्याचे ५. परिणामी राखीव राउटर जोडताक्षणी तोच मुख्य होऊन बसतो, कोणाच्या लक्षात येत नाही आणि महिन्याचा डेटा दोन दिवसांत संपतो. त्याच उपकरणावर उलट बाजूचाही एक पेच आहे. राखीव रूटचे अंतर मुख्य रूटहून मोठे ठेवले तर तो टेबलमध्ये दिसतच नाही, आणि मग राखीव लाइनवरून आत येणारे पॅकेट, उदाहरणार्थ बाहेरून फायरवॉल तपासण्यासाठी आपण केलेली जोडणी, उलट मार्गाच्या तपासणीत, म्हणजे आले त्याच पोर्टमधून परत जाण्याचा रूट आहे का या तपासणीत, टाकून दिले जाते. तिथे अंतर समान ठेवून प्राधान्याचा आकडा वेगळा करावा. हे करताना दोन्ही बाजूंचे राउटर १९२.१६८.१.० याच जाळ्यातला पत्ता देत नाहीत ना, तेही पाहावे. कारखान्यातून येणारे बरेच राउटर हाच पत्ता घेऊन येतात, आणि एकच जाळे दोन पोर्टवर असले की फायरवॉल एक तर ते स्वीकारत नाही किंवा गोंधळते.

दुसरे लक्षण मोजक्याच साइट उघडण्याचे. याचे सर्वांत संभाव्य कारण डीएनएस आहे. फायबर बसवणाऱ्याने फायरवॉलमध्ये किंवा कार्यालयातील संगणकांवर त्याच सेवापुरवठादाराचे डीएनएस सर्व्हर लिहिलेले असतात, आणि असे सर्व्हर पुष्कळदा केवळ स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. वाहतूक मोबाइलच्या लाइनवर गेली की त्यांच्या दृष्टीने आपण परके होतो. ज्या साइटचे पत्ते संगणकाच्या स्मृतीत आधीच साठलेले असतात तेवढ्या उघडतात, बाकीच्या नाही. खातरजमा सोपी आहे: पत्त्याला पिंग केल्यावर उत्तर येते आणि नावाला केल्यावर येत नाही, एवढे दिसले की पुढे शोधायला नको. उपाय म्हणून संगणकांना डीएनएससाठी फायरवॉलचाच पत्ता द्यावा, आणि फायरवॉलला दोन्ही लाइनवर चालतील असे सार्वजनिक सर्व्हर द्यावेत. जे पत्ते एका लाइनच्या तपासणीसाठी बांधले आहेत, ते इथे एकमेव डीएनएस म्हणून वापरू नयेत, अन्यथा वर सांगितलेल्या अडचणीत आपण स्वतःच्या हाताने सापडतो.

डीएनएस ठीक निघाले, तर पॅकेटच्या आकाराकडे वळावे. इथरनेटवर पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून लाइन चालू करण्याची पद्धत, असेल तर त्यातले ८ बाइट जातात आणि १४९२ उरतात. मोबाइल जाळ्यात आपले पॅकेट आणखी एका वेष्टणात गुंडाळून नेले जाते, त्यामुळे उरलेली जागा बहुधा १५०० हून कमी असते, परंतु फायरवॉलच्या पोर्टला हे दिसत नाही, कारण तिच्या आणि राउटरच्या मधला इथरनेट पूर्ण १५०० चा आहे. वाटेतल्या एखाद्या उपकरणाने ‘पॅकेट मोठे आहे’ हा निरोपही अडवला, की छोटी पाने उघडतात, मोठी पाने अर्धवट अडकतात, लॉगिन होते पण पुढचे दिसत नाही. राखीव लाइनवरून, तुकडे न करण्याची खूण लावून, १४७२ बाइटचे पिंग पाठवून पाहावे. त्यात २८ बाइटचे हेडर मिळवले की बरोबर १५०० होतात. ते गेले नाही तर आकडा कमी करत जावे आणि जो पहिला जाईल त्यात २८ मिळवून त्या पोर्टचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल मर्यादा, ठरवावा. टीसीपीचा, म्हणजे वेबसाइट ज्या पोच घेणाऱ्या पद्धतीने चालतात तिचा, एमएसएस (एका पॅकेटमधला प्रत्यक्ष डेटाचा कमाल आकार) त्याहून ४० ने कमी असावा.

तिसरे लक्षण, फोनचे, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फायरवॉल प्रत्येक पॅकेटसाठी नव्याने विचार करत नाही. संवाद सुरू झाला की ती सेशन टेबलमध्ये एक नोंद करते: आतला अमुक फोन, बाहेरचा अमुक सर्व्हर, पोर्ट क्रमांक ५०६० (हा फोनसेवेचा क्रमांक, केबलचा पोर्ट नव्हे), बाहेर पडताना फायबरचा सार्वजनिक पत्ता. पुढची पॅकेट त्या नोंदीप्रमाणे जातात. ब्राउझरसारखा टीसीपीवर चालणारा प्रोग्राम उत्तर आले नाही की थोड्या वेळाने नवी जोडणी उघडतो, नवी नोंद होते आणि ती नव्या लाइनवर पडते. फोन मात्र यूडीपीवर, म्हणजे पोच न घेणाऱ्या पद्धतीने, त्याच पोर्ट क्रमांकावरून, दर २०-३० सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवत राहतो, जेणेकरून वाटेतली नोंद मिटू नये. यूडीपीची नोंद काही काळ वापरात नसली तरच मिटते. इथे ती दर अर्ध्या मिनिटाला ताजी होते. त्यामुळे फायबरच्या पत्त्याची ती मेलेली नोंद फोन स्वतःच जिवंत ठेवतो आणि पॅकेट तासन्‌तास पोकळीत जात राहतात. रीस्टार्ट केल्याने टेबल पुसले गेले, म्हणून फोन बोलू लागले.

रीस्टार्ट न करता हेच साधायचे, तर लाइन पडल्यावर तिच्यावरच्या नोंदी आपोआप काढण्याची सोय चालू करावी. पीएफसेन्समध्ये गेटवे पडल्यावर नोंदी मिटवण्याचा पर्याय आहे. फोर्टिगेटवर एसनॅट-रूट-चेंज नावाची सेटिंग मुळात बंद असते, ती चालू केली की रूट बदलल्यावर जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या जातात. परतीच्या प्रवासात तर ही सेटिंग विशेष उपयोगी पडते, कारण फायबर सुधारल्यावरही राखीव रूट जिवंतच असतो आणि फोन आनंदाने महागड्या मोबाइल डेटावर बसून राहतात. एवढ्यावर काम संपत नाही. फोनच्या सेवापुरवठादाराकडे आपल्या फोनचा जुना सार्वजनिक पत्ता नोंदलेला असतो आणि फोन पुन्हा नोंदणी करेपर्यंत येणारे कॉल तिकडेच धाडले जातात. अनेक फोनवर नोंदणीची मुदत ३६०० सेकंद असते. ती २ ते ५ मिनिटांवर आणावी, म्हणजे बाहेर जाणारे कॉल लागतात पण येणारे तासभर लागत नाहीत, अशी चमत्कारिक अवस्था येणार नाही.

पत्ता भाषांतराचा, म्हणजे नॅटचा, नियम दुसऱ्या पोर्टसाठी लिहिला आहे का, हेही एकदा पाहून घ्यावे. तो विसरला असेल तर लाइन बदलते, लॉगमध्ये पॅकेट ‘परवानगी दिली’ असे दिसते, आणि तरी आतला खासगी पत्ता तसाच बाहेर पडल्याने कोणतेही उत्तर परत येत नाही. दोन्ही बाह्य पोर्ट एका झोनमध्ये, म्हणजे गटात, ठेवून नियम झोनसाठी लिहिले की ही विसर टळते. मी मात्र राखीव पोर्टसाठी जाणूनबुजून वेगळे नियम लिहितो, कारण मोबाइलच्या लाइनवर सर्वांना सर्व काही देणे परवडत नाही. ईमेल, फोन, हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि व्हीपीएन यांना वाट द्यावी. सॉफ्टवेअरचे अपडेट, क्लाउडवर जाणारे बॅकअप आणि व्हिडिओ यांना त्या पोर्टवर अडवावे. हे न केल्यास फायबर जाते त्या क्षणी रात्रीचा अडलेला बॅकअप नेमका सुरू होतो आणि ज्यांच्यासाठी राखीव लाइन घेतली त्यांचेच काम रखडते.

बाहेरून आत येणाऱ्या जोडण्यांबाबत अपेक्षा मर्यादित ठेवावी. मोबाइल कंपन्या आणि काही ब्रॉडबँड पुरवठादारही एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. राउटरच्या बाह्य बाजूला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता दिसला, तर आपण त्या सामायिक व्यवस्थेच्या आत आहोत असे समजावे. काही ठिकाणी १० ने सुरू होणारा पत्ताही दिसतो. अशा लाइनवर बाहेरचे कोणी आपल्यापर्यंत पोहोचू शकत नाही. शाखांमधील आयपीसेक बोगदा, म्हणजे कूटबद्ध व्हीपीएन जोडणी, तरीही चालतो, फक्त त्याची सुरुवात आपल्या बाजूने व्हायला हवी आणि तो यूडीपी ४५०० वरून गेला पाहिजे. समोरच्या टोकाला आपली ओळख सार्वजनिक पत्त्याऐवजी नावाने पटावी अशी मांडणी करावी, कारण तो पत्ता दर वेळी वेगळा असू शकतो. ज्या बाहेरच्या सेवा केवळ आपल्या फायबरच्या पत्त्यावरूनच प्रवेश देतात, त्यांची यादी आजच करून ठेवावी. घरून काम करणाऱ्यांना कार्यालयातील सर्व्हर कोणत्याही लाइनवर मिळालाच पाहिजे अशी अट असेल, तर दुसरी लाइनही स्थिर सार्वजनिक पत्त्याची घ्यावी लागेल. स्वतःचे पत्ते आणि बीजीपी (त्या पत्त्यांकडे येण्याचा मार्ग इंटरनेटला कळवणारी पद्धत) ही त्याच्या पुढची पायरी आहे, पण इंटरनेटवर आयपीव्ही४ चा २५६ पत्त्यांहून लहान गट सहसा स्वीकारला जात नाही, त्यामुळे एका कार्यालयासाठी मी ती सुचवणार नाही.

आयपीव्ही६, म्हणजे आयपीव्ही४ नंतरची नवी पत्तापद्धत, चालू असेल तर एक इशारा. संगणकांना फायबरच्या पुरवठादाराचेच पत्ते मिळालेले असतात आणि लाइन बदलल्यावरही ते तेच वापरत राहतात. राखीव लाइनवर आयपीव्ही६ ची नीट व्यवस्था होईपर्यंत त्या पोर्टवर ते बंद ठेवून फायरवॉलने ‘पोहोचता येत नाही’ असे स्पष्ट उत्तर द्यावे, म्हणजे ब्राउझर वाट पाहत न बसता आयपीव्ही४ कडे वळतात.

आपण फायबरसोबत मोबाइल घेतला, हे मात्र उत्तम केले. मी पाहिलेल्या एका कार्यालयात दोन निराळ्या कंपन्यांच्या दोन फायबर लाइन होत्या, दोन्ही एकाच चरातून इमारतीत येत होत्या, आणि जेसीबीचा एकच फटका दोन्हींना पुरला. वीज हीही अशीच सामायिक गोष्ट आहे. फायरवॉल यूपीएसवर, ओएनटी साध्या प्लगवर आणि मोबाइल राउटर कपाटामागच्या एक्स्टेंशनवर, अशी मांडणी मी अनेकदा पाहिली आहे. तिन्ही यूपीएसवर घ्यावीत, आणि मोबाइल राउटर लोखंडी रॅकमध्ये कोंडू नये. त्याला सिग्नल लागतो.

आता पुन्हा चाचणी घ्यावी, पण या वेळी फायरवॉलची केबल सोडून ओएनटीच्या मागची फायबर हलक्या हाताने काढावी, म्हणजे इथरनेटचा दिवा हिरवाच राहील. फायबरच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये आणि ते उघडे ठेवू नये, त्यावर धूळ बसली तर तीच नवी तक्रार होते. ती काढण्याचा धीर होत नसेल, तर ओएनटी आणि फायरवॉल यांच्यामध्ये एक साधा स्विच घालून ओएनटीकडची केबल काढावी. फायरवॉलला दिवा दिसत राहतो आणि वाट तुटते. काढण्यापूर्वी एका संगणकावर पत्त्याला सतत पिंग, दुसऱ्यावर एखादे मोठे डाउनलोड आणि एका टेबलफोनवर चालू कॉल ठेवावा. घड्याळ लावून किती सेकंदांत पिंग परतले ते लिहावे. चालू कॉल आणि डाउनलोड तुटणारच, कारण बाहेरचा पत्ता बदलला. पाहायचे ते हे, की नवा कॉल दोन्ही बाजूंनी किती वेळात लागतो. दहा मिनिटांनी फायबर परत जोडून हीच मोजणी उलट दिशेने करावी आणि फोनच्या नोंदी खरोखर फायबरच्या पोर्टवर परतल्या का, ते सेशन टेबलमध्ये ५०६० ने शोधून पाहावे.

राखीव लाइनचीही तपासणी रोज चालू राहू द्यावी, भले तिचे अंतर ३० सेकंदांचे ठेवा, म्हणजे डेटा वाचेल. सिमचा रिचार्ज संपून महिना उलटला आणि ते फायबर गेल्या दिवशी कळले, असे वरचेवर घडते. ‘लाइन बदलली’ आणि ‘राखीव लाइन बंद आहे’ हे दोन्ही इशारे ईमेलवर येतील असे करावे आणि तो ईमेल पाठवणारा सर्व्हर राखीव पोर्टच्या परवानगीच्या यादीत आहे ना, ते पाहावे. एवढे केल्यावरही काही साइट अडल्या, तर उपकरणाचे नाव, त्याची आवृत्ती आणि लाइन बदलण्याच्या आधीचा व नंतरचा राउटिंग टेबल पाठवावा. सार्वजनिक पत्त्यांचे शेवटचे दोन आकडे मात्र पुसून.